पहिले पान पुन्हा उघडताना: मासिकाच्या मांडणीचे आत्मपरीक्षण कसे करावे

माध्यमशास्त्राच्या अभ्यासक्रमात मासिकाचा प्रकल्प पूर्ण झाला, की त्यासोबत एक टिपण लिहून द्यावे लागते. मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि एखादे जोडपान (समोरासमोरची दोन पाने) तयार करताना आपण काय शिकलो, हे त्यात सांगायचे असते. माझ्या पहिल्या टिपणात मी लिहिले होते की रंगसंगती लक्षवेधी ठेवली आहे, तरुण वाचकाला आवडेल असा फॉन्ट निवडला आहे आणि सॉफ्टवेअर वापरण्याचा चांगला सराव झाला आहे. ही तिन्ही वाक्ये खरी होती. मात्र पान समोर न ठेवताही ती लिहिता आली असती, आणि हाच त्यांचा मोठा दोष होता. पुढच्या अंकाच्या वेळी त्या टिपणाचा मला काहीही उपयोग झाला नाही, कारण कोणती गोष्ट पुन्हा करायची आणि कोणती टाळायची, हे त्यातून कळतच नव्हते.

त्यानंतर मी स्वतःसाठी एक कसोटी ठरवली. आपल्या कामाबद्दलचे जे वाक्य पानावर बोट ठेवून दाखवता येत नाही, ते टिपणात ठेवायचे नाही. खाली जी पद्धत सांगितली आहे, ती या कसोटीतूनच हळूहळू तयार झाली. ती वापरण्यासाठी महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. मोजपट्टी, पेन्सिल, ट्रेसिंग पेपर आणि आपल्या पानाची खऱ्या आकारातली छापील प्रत, एवढे साहित्य पुरेसे आहे.

काम सुरू असतानाच पुरावे जपावेत

आत्मपरीक्षण प्रकल्प संपल्यावर सुरू होते, असा समज असतो. प्रत्यक्षात तोपर्यंत बराचसा पुरावा नष्ट झालेला असतो. आपण एकाच फाइलवर काम करत राहतो, जुनी मांडणी पुसून नवी करतो आणि शेवटी फक्त अंतिम पान हातात उरते. ते पान तसे का झाले, हे त्याच्याकडे पाहून सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक बैठकीच्या शेवटी पानाची पीडीएफ काढून तिच्या नावात तारीख आणि क्रमांक टाकावा, आणि जुनी पीडीएफ कधीही खोडू नये. फसलेली मांडणी तर मुद्दाम जपावी, कारण पुढे टिपण लिहिताना सर्वांत जास्त साहित्य तिच्यातूनच मिळते.

पीडीएफसोबत दोन-तीन ओळींची निर्णयांची नोंद ठेवावी. ‘मथळा डावीकडे नेला, कारण उजवीकडे छायाचित्रातील चेहऱ्यावर येत होता’ एवढे लिहिणे पुरे. डोनाल्ड शॉन या अभ्यासकांनी १९८३ मध्ये व्यावसायिकांच्या विचारपद्धतीची मांडणी करताना काम करता करता होणारे चिंतन आणि काम झाल्यानंतर होणारे चिंतन असा भेद केला होता. मांडणीच्या कामात हा भेद फार स्पष्टपणे जाणवतो. पानावर काम करत असताना हात जे निर्णय घेतो, ते आठवडाभराने आठवत नाहीत. आणि आठवतात तेव्हा आपण त्यांना नकळत अधिक शहाणे रूप दिलेले असते. त्या क्षणी लिहिलेली अर्धवट ओळ नंतरच्या सुबक परिच्छेदापेक्षा अधिक विश्वासार्ह ठरते.

पान वाचक म्हणून पाहावे

काम संपल्यावर निदान आठवडाभर पानाकडे पाहू नये. मग ते खऱ्या आकारात छापून घ्यावे. पडद्यावर आपण पान लहानमोठे करून पाहतो, त्यामुळे अक्षरांचा खरा आकार आणि मोकळ्या जागेचे खरे वजन कळत नाही. ए-४ आकाराचे पान २१० मिलिमीटर रुंद आणि २९७ मिलिमीटर उंच असते. जोडपानासाठी असे दोन कागद शेजारी चिकटवून मधोमध घडी घालावी आणि ते मासिकासारखे हातात धरून पाहावे. जोडपानाच्या घडीत काय अडकते, हे पडद्यावर कधीच दिसत नाही. माझ्या एका मुलाखतीच्या पानात मुलाखत देणाऱ्या व्यक्तीचा डोळा नेमका घडीत गेला होता, आणि तीन आठवडे मी ते पान रोज पाहत असूनही ते माझ्या लक्षात आले नव्हते.

आधी पान हातभर अंतरावर धरून डोळे किलकिले करावेत. अक्षरे धूसर होतात आणि फक्त काळे-पांढरे गठ्ठे उरतात. त्यातला सर्वांत गडद गठ्ठा कोणता आहे, आणि लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे का, हे पाहावे. त्यानंतर पान उलटे धरावे. मजकूर वाचता येत नसल्यामुळे डोळा केवळ आकार आणि तोल पाहतो, आणि एखादा कोपरा विनाकारण रिकामा आहे किंवा सगळे वजन एकाच बाजूला झुकले आहे, हे पटकन दिसते.

तिसरी तपासणी दुसऱ्या व्यक्तीकडून करून घ्यावी लागते. विषयाची माहिती नसलेल्या कुणाला तरी पान पाच सेकंद दाखवून झाकावे, आणि डोळा आधी कुठे गेला, त्यानंतर कुठे गेला आणि लेख कशाबद्दल असावा असे वाटते, एवढेच विचारावे. ‘कसे वाटले?’ असा प्रश्न मुळीच विचारू नये. त्या प्रश्नाला माणसे आपले मन राखण्यासाठी उत्तर देतात आणि ‘छान आहे’ या उत्तरातून आपल्याला काहीच मिळत नाही. समोरची व्यक्ती बोलत असताना आपला हेतू समजावून सांगण्याचा मोह होतो. तो आवरलाच पाहिजे, कारण मासिक विकत घेणाऱ्या वाचकाच्या शेजारी मांडणीकार उभा नसतो. जे उत्तर मिळेल ते त्या व्यक्तीच्याच शब्दांत लिहून ठेवावे.

मोजपट्टी हातात घ्यावी

विद्यार्थ्यांच्या पानात आणि व्यावसायिक पानात नेमका काय फरक आहे, असे विचारले तर बहुतेक जण छायाचित्रांचा दर्जा किंवा फॉन्टची निवड सांगतील. माझ्या मते पहिला फरक मोकळ्या जागेत असतो. व्यावसायिक पानावर अंतरे ठरलेली असतात आणि तीच पुन्हा पुन्हा येतात. विद्यार्थ्याच्या पानावर प्रत्येक अंतर त्या त्या वेळी डोळ्यांना बरे वाटले म्हणून ठेवलेले असते. मी माझ्या पहिल्या जोडपानावर १४ ठिकाणची अंतरे मोजली: रकान्यांमधली, छायाचित्र आणि फोटोओळ यांच्यामधली, मथळा आणि प्रस्तावनेच्या ओळी यांच्यामधली, समासांची. त्यांत मला ६ वेगवेगळी मापे सापडली, आणि त्यांतल्या एकाचेही कारण मला सांगता आले नाही. ते पान ‘विस्कळीत’ वाटते असे शिक्षक म्हणाले होते, तेव्हा मला त्या शब्दाचा अर्थ कळला नव्हता. मोजल्यावर तो मिलिमीटरमध्ये कळला.

म्हणून प्रत्येकाने आपल्या पानावर हे मोजमाप एकदा तरी करावे आणि आकडे पानाच्या छापील प्रतीवरच पेन्सिलने लिहावेत. त्यानंतर एखाद्या चांगल्या मासिकाचे जोडपान घेऊन त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवावा आणि मजकुराच्या, चित्रांच्या व मथळ्यांच्या कडा आखाव्यात. थोड्याच वेळात त्या रेषांमधून पानाची ग्रिड, म्हणजे मजकूर आणि चित्रे ज्यावर बसवली आहेत ती उभ्या-आडव्या रेषांची आखणी, वर येते. चित्राची डावी कडा वरच्या मथळ्याच्या कडेशी जुळते, उद्धृताची (लेखातून वेगळे काढून मोठ्या अक्षरांत दिलेल्या वाक्याची) पहिली ओळ शेजारच्या रकान्यातील ओळीच्या समपातळीवर येते, आणि आपल्याला मुक्त वाटणारे पान किती शिस्तीत बसवले आहे, हे हाताला कळते. त्याच मासिकाच्या आणखी तीन-चार पानांवर हेच करावे, म्हणजे कोणती मापे कायम राहतात आणि कोणती बदलतात, तेही दिसते.

ग्रिडबद्दल विद्यार्थ्यांच्या मनात एक अढी असते, की ती आखली की सगळी पाने सारखी दिसू लागतात. या शंकेला सर्वांत चांगले उत्तर ‘ट्वेन’ या जर्मन मासिकाच्या पानांत मिळते. १९५९ मध्ये सुरू झालेल्या या मासिकाचे कलादिग्दर्शक विली फ्लेकहाउस यांनी पानाला १२ रकान्यांची ग्रिड दिली. १२ या संख्येला २, ३, ४ आणि ६ या सर्वांनी भाग जातो. त्यामुळे एकाच आराखड्यावर एका पानात दोन रुंद रकाने, दुसऱ्यात तीन आणि तिसऱ्यात चार रकाने बसवता येतात, आणि तरीही सर्व पाने एका घरातली वाटतात. आपल्या प्रकल्पासाठी ग्रिड निवडताना हे गणित लक्षात ठेवावे. आत्मपरीक्षणात मात्र एवढेच लिहून थांबू नये की ‘मी ग्रिड वापरली’. ती कोणत्या ठिकाणी मोडली आणि मोडल्यामुळे वाचकाला काय मिळाले, हे लिहावे. काहीच मिळाले नसेल, तर तेही लिहावे.

नियम मोडण्याचा विषय निघाला की मांडणीकार डेव्हिड कार्सन यांच्या ‘रे गन’ या मासिकाचे उदाहरण हमखास दिले जाते. गायक ब्रायन फेरी यांची एक मुलाखत कंटाळवाणी वाटल्यामुळे कार्सन यांनी १९९४ मध्ये ती झाप्फ डिंगबॅट्स या केवळ चिन्हे असलेल्या फॉन्टमध्ये लावली, आणि ती वाचणे अशक्य झाले. हे उदाहरण सांगणारे विद्यार्थी बहुधा पुढचा भाग विसरतात: त्याच अंकाच्या शेवटी ती मुलाखत वाचता येईल अशा अक्षरांत दिलेली होती. म्हणजे वाचनीयता गमावण्याचा परिणाम काय होईल, याचा विचार तिथे झालेला होता. आपल्या पानावर मजकूर गडद छायाचित्रावर पुसट झाला असेल आणि आपण त्याला ‘प्रयोग’ म्हणत असू, तर तसा विचार आपण केला होता का, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारले पाहिजे.

अक्षरांची तपासणी, विशेषतः देवनागरीत

मांडणीची बहुतेक पुस्तके आणि शिकवण्या रोमन लिपी गृहीत धरून तयार झालेल्या असतात. मराठी मजकूर लावणारा विद्यार्थी ते नियम जसेच्या तसे उचलतो आणि मग पान का घुसमटते, हे त्याला कळत नाही. इनडिझाइन या पाने लावण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ओळींमधले स्वयंचलित अंतर अक्षराच्या आकाराच्या १२० टक्के असते. रोमन अक्षरांना ते चालून जाते. देवनागरीत शिरोरेखेच्या वर मात्रा, रफार आणि अनुस्वार असतात आणि खाली उकार असतात. वरच्या ओळीतला ‘कू’ आणि खालच्या ओळीतला ‘र्की’ समोरासमोर आले की ते एकमेकांना भिडतात. माझ्या पहिल्या अंकात १० पॉइंटच्या (पॉइंट हे अक्षरांच्या आकाराचे माप) अक्षरांना १२ पॉइंटचे अंतर होते. आता मी ११ पॉइंटच्या मजकुरासाठी १६ पॉइंटपासून सुरुवात करते आणि फॉन्टनुसार थोडे कमीजास्त करते, कारण देवनागरी फॉन्टांमध्ये एकाच पॉइंटला अक्षरे बरीच लहानमोठी असतात.

दुसरी चूक अक्षरांमधले अंतर वाढवण्याची. रोमन मथळ्यात मोठ्या लिपीतली अक्षरे थोडी सुटी केली की ती डौलदार दिसतात. देवनागरीत तसे केले की शिरोरेखा तुकड्यातुकड्यांत तुटते आणि शब्दाचा शब्द म्हणून असलेला आकारच जातो. आपल्या लिपीत मोठी आणि लहान अक्षरे असा भेदही नाही. त्यामुळे लेखकाचे नाव, सदराचे नाव, फोटोओळ यांना वेगळेपण द्यायचे असेल तर ते जाडी, आकार, रंग आणि जागा यांतूनच द्यावे लागते. सॉफ्टवेअरने जबरदस्तीने तिरकी केलेली देवनागरी अक्षरे मला कधीच पटलेली नाहीत. तिथे हलक्या जाडीचे सरळ अक्षर जास्त नीट काम करते. म्हणून फॉन्ट निवडताना त्याच्या किमान चार जाड्या उपलब्ध आहेत का, हे आधी पाहावे. मुक्त परवान्यावर मिळणाऱ्या ‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ यांसारख्या फॉन्टकुटुंबांत अशी सोय आहे.

तपासणीत आणखी दोन बाबी पाहाव्यात. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठीतली रूपे हिंदीतल्या रूपांपेक्षा वेगळी आहेत. फॉन्टमध्ये मराठी रूपांची सोय असेल आणि मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली असेल, तर ती रूपे आपोआप येतात. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोजर (देवनागरीसारख्या लिपी नीट जुळवणारा पर्याय) निवडला नसेल तर जोडाक्षरे सुटतात आणि पहिली वेलांटी चुकीच्या जागी जाऊन बसते. असे एकही तुटके जोडाक्षर मथळ्यात राहिले, तर वाचकाचा पूर्ण पानावरचा विश्वास उडतो, आणि तो योग्यच आहे.

रकान्याच्या रुंदीबद्दल रोमन लिपीत एका ओळीत साधारण ४५ ते ७५ अक्षरे असावीत असे सांगतात. देवनागरीत अक्षर कशाला म्हणायचे, इथूनच प्रश्न सुरू होतो, म्हणून मी शब्द मोजते. एका ओळीत चार-पाचच शब्द मावत असतील आणि दोन्ही कडा समान केलेल्या असतील, तर शब्दांमध्ये मोठी खिंडारे पडतात, कारण मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडूनच येतात आणि शब्द लांबतात. अशा अरुंद रकान्यात उजवी कडा मोकळी सोडणे चांगले. आपल्या पानावर ही खिंडारे कुठे पडली आहेत, त्यांच्याभोवती पेन्सिलने गोल करावेत. एका रकान्यात पाचाहून अधिक गोल झाले, तर रकान्याची रुंदी बदलण्याची गरज आहे, असे मी समजते.

मुखपृष्ठ आणि चित्रे

मुखपृष्ठाच्या परीक्षणात एकच प्रश्न आधी विचारावा: यावरची कोणती गोष्ट काढली तर काहीही बिघडणार नाही? विद्यार्थ्याच्या मुखपृष्ठावर सहसा आठ-नऊ लेखांची नावे, दोन-तीन रंगीत पट्ट्या आणि एखादे गोल चिन्ह असते, कारण दुकानात दिसणाऱ्या मासिकांवर ते असते. ‘एस्क्वायर’ या अमेरिकी मासिकाच्या एप्रिल १९६८ च्या अंकाचे मुखपृष्ठ याच्या उलट टोकाला आहे. सैन्यभरतीला नकार दिल्यामुळे किताब काढून घेतलेले मुष्टियोद्धे मुहम्मद अली अंगात बाण रुतलेल्या हुतात्म्यासारखे उभे आहेत, मागची पार्श्वभूमी कोरी आहे आणि शब्द अगदी थोडे आहेत. कलादिग्दर्शक जॉर्ज लोइस आणि छायाचित्रकार कार्ल फिशर यांचे ते मुखपृष्ठ पाहिल्यावर, चित्रात कल्पना असेल तर ती समजावणाऱ्या ओळी लागत नाहीत, हे कळते. आपल्या प्रकल्पाचा वाचकवर्ग वेगळा असू शकतो आणि त्याला अधिक ओळींची अपेक्षाही असू शकते. तरीही ‘इतर मासिकांवर असते’ हे कारण टिपणात लिहिण्याजोगे नाही.

आतल्या चित्रांबाबत नजरेची दिशा पाहावी. पानाच्या बाहेर पाहणारा चेहरा वाचकाचीही नजर बाहेर नेतो. मजकुराकडे पाहणारा चेहरा त्याला मजकुरात आणतो. मात्र केवळ त्यासाठी छायाचित्र आरशासारखे उलटे करू नये. केसांचा भांग, शर्टाची बटणे आणि मागच्या पाट्यांवरची अक्षरे उलटी होतात, आणि पत्रकारितेत छायाचित्र हा पुरावाही असतो. चित्राची जागा बदलावी. त्याचबरोबर प्रत्येक चित्र खरोखर किती मोठे करता येते, हे तपासावे. छपाईसाठी एका इंचात ३०० पिक्सेल असावेत असा संकेत आहे. त्या हिशेबाने पूर्ण ए-४ पानभर पसरणाऱ्या चित्राला सुमारे २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल लागतात, आणि ३०० चे चित्र दुप्पट ताणले की ते १५० वर येते.

छपाईच्या इतर बाबी यादी करून एकदाच तपासून टाकाव्यात: कडेपर्यंत जाणाऱ्या रंगाला व चित्राला कटिंगसाठी ३ मिलिमीटर ब्लीड (पानाच्या कडेबाहेर जाणारा जादा भाग) आहे का, रंग आरजीबीमधून (पडद्यावरचे रंग) सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शाया) नेल्यावर झळझळीत निळे आणि हिरवे किती मंदावले, बारीक मजकूर केवळ काळ्या शाईत आहे का, आणि मधोमध पिना मारायच्या अंकाची पाने ४ च्या पटीत आहेत का. या चुका महत्त्वाच्या असतात, पण त्या एकदा समजल्या की पुन्हा सहसा होत नाहीत, म्हणून टिपणात त्यांना एक परिच्छेद पुरतो.

पानांचा क्रम

एकेका पानात गुंतलेल्या विद्यार्थ्याला पूर्ण अंक दिसत नाही. ‘हार्पर्स बझार’ या अमेरिकी फॅशन मासिकाचे १९३४ ते १९५८ या काळातले कलादिग्दर्शक अलेक्सी ब्रोडोविच अंकाची जोडपाने जमिनीवर पसरून त्यांचा क्रम आणि लय ठरवत असत. हे आपणही करू शकतो. सर्व पाने लहान आकारात छापून जमिनीवर ओळीने मांडावीत, आणि शांत पानानंतर भरलेले पान येते का, सलग तीन पानांवर चित्र त्याच कोपऱ्यात आले आहे का, सदराचे नाव व पानक्रमांक प्रत्येक पानावर त्याच जागी आहेत का, हे उभे राहून पाहावे. माझ्या दुसऱ्या अंकात सलग चार जोडपानांवर मथळा डावीकडे वर होता. प्रत्येक पान स्वतंत्रपणे बरे होते, तरी अंक चाळणाऱ्या मैत्रिणीला दोन लेख कुठे वेगळे होतात, हे समजले नव्हते.

टिपण कसे लिहावे

आता एवढे साहित्य हाताशी असते: तारीखवार पीडीएफ, निर्णयांच्या नोंदी, पेन्सिलने आकडे लिहिलेली छापील पाने, वाचकांची उत्तरे. अनेक शिक्षक टिपणासाठी ग्रॅहम गिब्स यांनी १९८८ मध्ये मांडलेले चक्र वापरायला सांगतात. त्यात वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष आणि पुढील कृती असे सहा टप्पे आहेत. चक्र चांगले आहे. अडचण अशी होते की विद्यार्थी निम्म्याहून अधिक शब्द वर्णनावर खर्च करतो. काय केले ते पानावर दिसतेच. माझा आग्रह असा आहे की निम्मे शब्द विश्लेषणाला द्यावेत आणि वर्णन, भावना व मूल्यमापन मिळून पाव भागात संपवावे.

विश्लेषण म्हणजे काय, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ‘मुलाखतीच्या जोडपानात उद्धृत मोठ्या अक्षरांत घेतल्यामुळे पान आकर्षक झाले’ हे मूल्यमापन आहे, आणि तेही तपासता न येणारे. त्याच पानाबद्दल मी नंतर असे लिहिले: ‘उद्धृत दुसऱ्या रकान्याच्या मध्यभागी ठेवल्यामुळे मुलाखतीतील एक वाक्य दोन भागांत तुटले. तीन वाचकांपैकी दोघांनी उद्धृतालाच पुढची ओळ समजून वाचले. रकान्यात रिकामी जागा उरली होती म्हणून मी ते तिथे ठेवले होते. म्हणजे तो निर्णय वाचकासाठी घेतलेला नव्हता, जागा भरण्यासाठी घेतलेला होता. पुढील मांडणीत उद्धृत दोन परिच्छेदांच्या मध्ये किंवा समासाजवळच्या मोकळ्या रकान्यात ठेवायचे आहे.’ या परिच्छेदात जागा सांगितली आहे, परिणाम सांगितला आहे, त्या निर्णयाचे खरे कारण सांगितले आहे आणि पुढच्या वेळी काय करायचे तेही सांगितले आहे. यातले खरे कारण लिहिणे सर्वांत अवघड असते. ‘वेळ संपत आला होता’, ‘ते मला सॉफ्टवेअरमध्ये करता येत नव्हते’, ‘एका मासिकात तसे पाहिले होते’ ही कारणे लिहायला संकोच वाटतो, पण सुधारणेची वाट तिथूनच निघते: सॉफ्टवेअर येत नसेल तर ते शिकता येते, वेळ कमी पडला असेल तर पुढच्या वेळी मजकूर आधी पूर्ण करून मगच मांडणीला बसता येते.

जमलेल्या गोष्टीही याच काटेकोरपणे तपासाव्यात. एखादे पान चांगले झाले असेल, तर ते कशामुळे झाले हे कळल्याशिवाय ते पुन्हा करता येत नाही. माझ्या दुसऱ्या अंकातली अनुक्रमणिका सगळ्यांना आवडली. तपासल्यावर दिसले की त्या पानासाठी मला चित्रच मिळाले नव्हते, म्हणून मी पानक्रमांक मोठे केले होते आणि एकाच फॉन्टच्या दोन जाड्या वापरल्या होत्या. साहित्याच्या टंचाईमुळे जो संयम आला होता, तो त्यापुढे मी ठरवून पाळू लागले.

एकच पान पुन्हा करावे

टिपण लिहून झाल्यावर पूर्ण अंक नव्याने करायला घेऊ नये. त्यात उत्साह संपतो. पहिल्या सरावातले एकच पान निवडावे, त्यातला मजकूर आणि छायाचित्रे तशीच ठेवावीत, आणि स्वतःला बंधने घालून घ्यावीत: एकच फॉन्ट, तीन आकार, काळ्याखेरीज एक रंग, अंतरांची दोनच मापे. आधी कागदावर अंगठ्याएवढी दहा-बारा रेखाटने काढावीत आणि त्यानंतरच संगणक सुरू करावा. परिच्छेद, फोटोओळ, प्रस्तावना यांच्या स्टाइल (सॉफ्टवेअरमध्ये नाव देऊन साठवलेली मापे) आधी तयार करून ठेवल्या, तर एक माप बदलल्यावर ते सर्वत्र बदलते आणि हाताने ओढून ठेवलेली अंतरे पानावर शिरत नाहीत.

नवे पान झाल्यावर जुन्यासोबत त्याच तपासण्या कराव्यात: किलकिले डोळे, उलटे पान, पाच सेकंद आणि मोजपट्टी. मी मुलाखतीचे ते जोडपान पुन्हा केले, तेव्हा ६ मापांच्या जागी २ मापे आली, चेहरा घडीतून बाहेर पडून उजव्या पानावर गेला आणि मजकुराकडे पाहू लागला, आणि पाच सेकंद पाहणाऱ्या तिन्ही वाचकांनी लेखाचा विषय बरोबर सांगितला. उद्धृताचे मात्र अजून जमलेले नाही. समासाजवळच्या रकान्यात ते मजकूर तोडत नाही, पण तिथे ते कुणाला दिसतही नाही. तिघांपैकी एकानेही त्याचा उल्लेख केला नाही. पेन्सिलने त्याच्याभोवती गोल करून मी ते पान भिंतीवर लावले आहे, आणि तिसऱ्या मांडणीची रेखाटने त्याच जागेपासून सुरू केली आहेत.